महिनाभर गोल्फ खेळायला थायलंडला जाताय? आधी मुक्कामाचं गाव ठरवा

पुण्या-मुंबईचे गोल्फवाले थायलंडला जातात ते बहुतेक चार-पाच रात्रींसाठी. आठ जणांचा ग्रुप, एजंटने बांधून दिलेलं पॅकेज, पटायातलं हॉटेल, चार राउंड आणि परत. त्यात गाव चुकलं तरी फार बिघडत नाही, कारण चुकलंय हे कळेपर्यंत परतीचं विमान आलेलं असतं. पण निवृत्तीनंतर किंवा साठवलेली रजा एकदम काढून तीन-चार आठवडे जायचं म्हटलं की हिशेब पार बदलतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कोर्सचे फोटो बघून गाव ठरवलं होतं. सगळ्यात देखणा कोर्स कुठे? मग तिथेच राहायचं. घर घेतलं ते नकाशावर कोर्सपासून बावीस किलोमीटर. पहाटे ते पंचवीस मिनिटांत पार व्हायचं. राउंड संपवून दुपारी निघालं की तोच रस्ता सव्वा तास घ्यायचा, आणि त्या घरापासून चालत जाऊन चहा पिता येईल असं एकही ठिकाण नव्हतं. मी निदान खेळत तरी होतो. बायको खेळत नाही. बाराव्या दिवशी तिने विचारलं, “उरलेले सोळा दिवस मी इथे नक्की काय करायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षीपासून मी कोर्स बघून गाव निवडणं सोडलं आणि न खेळायचा दिवस बघून निवडायला लागलो. खाली त्याचीच पद्धत दिली आहे. उदाहरण थायलंडचं, कारण मुंबईहून साडेचार तासांच्या आत पोचता येतं, घड्याळ दीडच तास पुढे करावं लागतं आणि चांगले कोर्स एकाच टापूत दाटीने सापडतात.

पहिली पायरी: राउंड खरे मोजा

कागदावर अठ्ठावीस दिवस मांडा. घरी बसून वाटतं, रोज खेळू. जमत नाही. बत्तीस-तेहतीस अंशांचा दमट उकाडा, साडेचार तासांचा राउंड, त्याआधी पहाटे उठणं. पहिल्या आठवड्यात हौस तारून नेते, दुसऱ्या आठवड्यात कंबर बोलायला लागते. साठीच्या आसपासच्या माणसाने दोन दिवस खेळ आणि एक दिवस सुट्टी असं धरावं. येण्याजाण्याचे दिवस, एखादा पाऊस, एखादं बिघडलेलं पोट वजा केलं की पंधरा-सोळा राउंड उरतात.

म्हणजे बारा-तेरा दिवस तुम्ही खेळणार नाही आहात. जोडीदार खेळत नसेल तर त्याच्यासाठी ते अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. या दिवसांत काय करणार, कुठे चालणार, काय खाणार, हे आत्ताच दोघांनी बसून लिहून काढा. पुढच्या पायऱ्यांत हाच कागद लागणार आहे.

दुसरी पायरी: महिना आधी, गाव नंतर

थायलंड म्हणजे एकच हवा नव्हे. सर्वसाधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड, मार्च ते मे कडक उन्हाळा, पुढे ऑक्टोबरपर्यंत पाऊस. पण गावागणिक फरक पडतो आणि नेमका तिथेच माणूस फसतो.

हुआ हिनला पावसाचा जोर उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास असतो आणि नोव्हेंबरमध्येही सरी येतात. म्हणजे ‘दिवाळी झाली की निघू’ हा आपला हिशेब तिथे जरा घाईचा. डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत उत्तम. फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस, त्यानंतर उघडीप. चियांग माईचा सगळ्यात सुंदर काळ नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. पहाटे पंधरा अंशांच्या आसपास, पातळ स्वेटर लागतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मात्र शेतातला पालापाचोळा आणि जंगलं जाळल्याचा धूर त्या खोऱ्यात कोंडून राहतो. समोरचे डोंगर दिसेनासे होतात, डोळे चुरचुरतात. दम्याची तक्रार असेल त्याने या तीन महिन्यांत तिकडे अजिबात फिरकू नये, हिरवळ कितीही स्वस्तात मिळो.

एप्रिलच्या मध्यात, १३ ते १५ तारखेला, सोंगक्रान म्हणजे त्यांचं नववर्ष. सगळा देश रस्त्यावर उतरून एकमेकांवर पाणी उडवतो. मजा आहे, पण त्या आठवड्यात घर, गाडी, टी-टाइम (म्हणजे खेळ सुरू करायची राखून ठेवलेली वेळ) सगळंच अडतं.

तिसरी पायरी: चार गावं, चार स्वभाव

माझी पसंती सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिल्यांदा महिनाभर जाणाऱ्याने हुआ हिन घ्यावं.

बँकॉकपासून साधारण दोनशे किलोमीटर, समुद्रकाठचं जुनं गाव. राजघराण्याची ही हवा खाण्याची जागा. इथल्या राजवाड्याचं नाव क्लाय कांगवोन, म्हणजे ‘काळजीपासून दूर’. १९३२ च्या जूनमध्ये बँकॉकात सत्तापालट होऊन निरंकुश राजेशाही संपली तेव्हा राजा प्रजाधिपोक या वाड्यावर होता, आणि बातमी आली तेव्हा तो गोल्फ खेळत होता असं सांगतात. गावाचा स्वभाव यावरून ओळखावा.

रेल्वे आली, तिच्यामागून गोल्फ आला. रॉयल हुआ हिन हा कोर्स १९२४ चा, देशातला पहिला अठरा होलचा प्रमाण कोर्स, आणि तो आखला रेल्वेतल्या एका स्कॉटिश इंजिनिअरने. आजही तो जुन्या लाकडी स्टेशनाच्या अगदी पाठीमागे आहे. लाल-पिवळसर रंगाचं ते स्टेशन आणि राजाची प्रतीक्षाखोली जपून ठेवली आहे. गाड्या २०२३ च्या डिसेंबरपासून शेजारच्या नव्या उन्नत स्टेशनावर थांबतात. कोर्स जुन्या वळणाचा: मोठाली झाडं, चढउतार, बाजूच्या टेकडीवर मंदिर आणि माकडं. त्या टेकडीचं नाव क्रैलात, म्हणजे आपला कैलास. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, झुळझुळीत नसतात, क्लबहाऊस साधं आहे. फोटो बघून आलेली मंडळी इथे नाक मुरडतात. पण महिनाभर राहायचं तर गावात चालत जाता येईल असा कोर्स असणं ही चैन आहे. उशिरा उठलात, तरी नऊ होल होतात.

बाकीचे कोर्स बहुतेक अर्ध्या तासाच्या आत. पश्चिमेला डोंगराच्या कुशीत ब्लॅक माउंटन, २००७ साली सुरू झालेला, ज्यावर पुढे आशियाई आणि युरोपीय टूरच्या स्पर्धा झाल्या. दक्षिणेकडे अननसाच्या जुन्या मळ्यांच्या टापूत पाइनॅपल व्हॅली, ज्याला जुने लोक अजून बनियन म्हणतात. उत्तरेला चा-आमकडे जॅक निकलसने आखलेला स्प्रिंगफील्ड. शिवाय पाम हिल्स, लेक व्ह्यू, मॅजेस्टिक क्रीक, आणि समुद्राला लागून लष्कराचा सी पाइन. पंधरा राउंडना पुरून उरतात, आणि दोन-तीन कोर्स आवडले की माणूस तिथेच परत परत जातो. ते जास्त सुखाचं असतं. एखादा होल तिसऱ्यांदा खेळताना कळायला लागतो.

न खेळायच्या दिवशी लांबलचक किनारा आहे, सकाळचा बाजार आहे, रात्रीचा बाजार आहे, मसाज तर गल्लोगल्ली. युरोपातली, विशेषतः स्कॅन्डिनेव्हियातली, निवृत्त जोडपी हिवाळा काढायला इथे येतात, त्यामुळे महिन्याने घर देण्याची सवय गावाला आहे. उणी बाजू दोन. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून रस्त्याने तीन तास तरी लागतात, आणि शनिवार-रविवारी बँकॉककर लोटतात. त्या दोन दिवशी बॅग भिंतीला टेकवून ठेवायची.

पटाया हा कोर्सच्या संख्येत राजा. तासाभराच्या आत वीसेक कोर्स सापडतील. १९७१ चा सियाम कंट्री क्लबचा ओल्ड कोर्स, जिथे एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक टूरची स्पर्धा होते. त्याच क्लबचे प्लँटेशन आणि वॉटरसाइड. निकलसचा लाएम चाबांग. डोंगरावर कोरलेल्या सोनेरी बुद्धाच्या परिसरातला ची चान. विमानतळावरून दीड-दोन तासांत घर. भारतीय हॉटेलं इतकी की भाकरी सोडून सगळं मिळेल. पण गावाचा रात्रीचा चेहरा सगळ्यांना माहीत आहे, आणि सुखुमवित रस्त्यावरची वाहतूक आपल्या हिंजवडीची आठवण करून देते. इथे राहायचंच असेल तर किनाऱ्यावरच्या गजबजाटात नको; दक्षिणेला जोमतिएनकडे किंवा रेल्वेरुळांच्या पूर्वेला, कोर्सच्या बाजूला घर बघा. आणि ती एलपीजीए स्पर्धा एरवी फेब्रुवारीत असते. त्या सुमारास ओल्ड कोर्स बाहेरच्यांना बंद असतो, आजूबाजूची हॉटेलंही भरतात. तिकीट काढण्याआधी तारखा बघा. चौघे-आठजण पुरुष, रोज नवा कोर्स हवा, संध्याकाळी पनीर टिक्का हवा, तर पटायाच बरं. जोडप्याने महिनाभरासाठी? मी तरी सुचवणार नाही.

चियांग माई हे न खेळणाऱ्या जोडीदाराचं गाव. जुन्या तटबंदीतलं शहर, मंदिरं, स्वयंपाकाचे वर्ग, हस्तकला, कॉफी, शाकाहारी खाण्याची चंगळ. शहराला लागून लान्ना हा जुना सत्तावीस होलचा कोर्स आहे, स्थानिक लोकांच्या गर्दीचा आणि कमी दराचा. नावाजलेले कोर्स, म्हणजे हायलँड्स, अल्पाइन, गासानचे तिन्ही, पाऊण तास ते तासाभराच्या अंतरावर. डिसेंबर-जानेवारीत कोरियन ग्रुप मोठ्या संख्येने येतात, तेव्हा टी-टाइम आधी धरावा लागतो आणि राउंडही रेंगाळतो. तीन आठवड्यांसाठी, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, हे गाव हुआ हिनच्या तोडीस तोड.

फुकेत सुंदर आणि महाग. कथिलाच्या जुन्या खाणींच्या जमिनीवर उभा असलेला रेड माउंटन आणि ब्लू कॅन्यन हे एकेकदा खेळावेत असे आहेत. ब्लू कॅन्यनवर १९९८ मध्ये टायगर वूड्सने शेवटच्या दिवशी आठ फटक्यांची पिछाडी भरून काढून एर्नी एल्सला प्लेऑफमध्ये हरवलं होतं. पण बेटावर कोर्स मोजकेच आणि मोसमात ग्रीन फी, म्हणजे एका राउंडचं कोर्सचं शुल्क, डोळे पांढरे करणारी. चार दिवसांसाठी जा.

बँकॉकला मुक्काम टाकू नका. कोर्स ढीगभर आहेत, पण सगळे शहराच्या कडेला. महिनाभर तुम्ही गोल्फ कमी आणि टॅक्सीचा मागचा आरसा जास्त बघाल.

चौथी पायरी: बिछान्यापासून पहिल्या टीपर्यंत

गाव ठरलं की तिथले पाच कोर्स निवडा, तुम्ही खरोखर तीनदा खेळाल असे. मग बघत असलेल्या प्रत्येक घरापासून त्या पाचही कोर्सना लागणारा वेळ नकाशाच्या ॲपमध्ये दोनदा काढा: कामाच्या दिवशी सकाळी सहाला निघालात तर, आणि दुपारी साडेबाराला परत निघालात तर. किलोमीटर बघू नका, मिनिटं बघा. माझी मर्यादा सरासरी तीस मिनिटं. त्यावर गेलं की पंधरा राउंडमध्ये अख्खा एक दिवस रस्त्यावर जातो.

त्याच बैठकीत आणखी एक मोजा. घराच्या दारातून चालत दहा मिनिटांत काय काय आहे? किराणा, फळवाला, औषधाचं दुकान, चहा-कॉफी. यातलं तीन तरी हवं. माझी पहिली फसगत इथेच झाली होती.

गाडीचं काय? तिकडे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे चालवणं जड जात नाही. निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, वर्षभर चालतो. गाडी घ्यायची नसेल तर ॲपवरची टॅक्सी आहेच, पण मोठी गाडी मागवा. तिकडच्याही बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत आपल्यासारखी गॅसची टाकी असते, आणि दोन गोल्फ बॅगा घेऊन तिच्यासमोर उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मुंबईकराला सांगायला नको.

पाचवी पायरी: ग्रीन फी नव्हे, पूर्ण राउंडचा खर्च

जाहिरातीत दिसतो तो आकडा ग्रीन फीचा. थायलंडमध्ये कॅडी, म्हणजे खेळताना बरोबर राहणारी मदतनीस, जवळजवळ सगळीकडे सक्तीची, तिची फी वेगळी, तिची टिप वेगळी, बऱ्याच ठिकाणी बग्गी, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, तीही घ्यावीच लागते. उदाहरणादाखल मांडतो: ग्रीन फी २,५०० बाट (थाई चलन), कॅडी ४००, बग्गी ८००, टिप ४००. झाले ४,१००. पंधरा राउंडचे ६१,५००. यात जाण्यायेण्याचं भाडं आणि नवव्या होलनंतरचं शहाळं नाही. त्या दिवसाच्या दराने रुपये काढा आणि मग कोर्सची यादी पुन्हा तपासा.

प्रत्येक कोर्सला तीन प्रश्न विचारा. कॅडी-बग्गी धरून एकूण किती? आठवड्यातल्या कोणत्या दिवशी दर कमी असतो? (बऱ्याच क्लबांचा एखादा ‘स्पोर्ट्स डे’ असतो, त्या दिवशी चांगली सूट मिळते.) आणि ग्रीनला भोकं पाडून वाळू टाकण्याचं काम कधी आहे? हा तिसरा प्रश्न विचारायला लोक विसरतात, आणि मग पूर्ण पैसे भरून चाळणीवर पट, म्हणजे चेंडू भोकाकडे घरंगळवायचा हलका फटका, मारत बसतात.

सहावी पायरी: घर

पहिला आठवडा हॉटेल, उरलेले तीन आठवडे घर अशी विभागणी धरा, आणि घर प्रत्यक्ष बघूनच पक्कं करा. मोसमाच्या ऐन भरात ते जमत नाही, तेव्हा आधी धरावं लागतं. मग निदान व्हिडिओ कॉलवर मालकाला बाल्कनीत उभं करून रस्ता दाखवायला सांगा.

कॉन्डो, म्हणजे तिकडच्या सोसायटीतला फ्लॅट, हॉटेलचा परवाना नसताना तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने देणं तिथल्या कायद्यात बसत नाही. ॲपवर तसे फ्लॅट सर्रास दिसतात, पण सोसायटीने दारात अडवलं तर भांडायला जागा नसते. म्हणून राहणार तीनच आठवडे असलात तरी एकतर पूर्ण महिन्याचा करार, नाहीतर परवाना असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट. विजेचे पैसे भाड्यात धरलेत का ते विचारा. युनिटमागे सरकारी दर की मालकाचा दर, हेही. एसी दिवसाचे दहा तास चालणार आहे, तेव्हा हा फरक बिलात दिसतो. मालकाने परदेशी पाहुणा आल्याची नोंद इमिग्रेशनकडे चोवीस तासांत करायची असते. केली का, ते त्याला आठवणीने विचारा.

कपडे धुण्याचं मशीन हवंच. पंधरा राउंड म्हणजे पंधरा घामट टीशर्ट आणि तितकेच ग्लोव्ह. बाल्कनीत ऊन येत असेल तर फार बरं: तिथे बूट वाळतात. स्वयंपाकघरात कुकर नसतो. आम्ही आता लहान कुकर, गोडा मसाला आणि डाळ-तांदळापुरतं सामान बरोबर नेतो.

शाकाहाऱ्यांसाठी एक खूण. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत इंग्रजी सतरासारखं काहीतरी दिसलं, तर ते थाई लिपीतलं ‘जे’. तिथे मांस, मासे, अंडी काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. एरवी नुसती भाजी मागवलीत तरी तिच्यात नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, पडलेला असतो.

सातवी पायरी: कागदपत्रं

भारतीयांना २०२४ च्या जुलैपासून व्हिसाशिवाय साठ दिवसांपर्यंत राहायची सवलत लागू झाली. ही सवलत याआधी बदललेली आहे, त्यामुळे तिकीट काढायच्या आदल्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचा. एजंटच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्रही भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ बनावट समजा. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड.

प्रवास विमा पूर्ण मुदतीचा घ्या, आधीपासूनचे आजार त्यात लपवू नका, आणि भाड्याच्या दुचाकीवर बसायचा मोह टाळा. एटीएममधून दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापले जातात, तेव्हा थोडी थोडी रक्कम काढत बसू नका. गोल्फ बॅगेसाठी विमान कंपनीचा खेळसाहित्याचा नियम आधी वाचा. भरलेली बॅग पंधरा किलोला सहज टेकते. अंतर मोजायच्या रेंजफाइंडरची सुटी बॅटरी हातातल्या सामानात.

आठवी पायरी: सगळं आधी बुक करू नका

निघण्यापूर्वी चारच राउंड धरा, तेही पोचल्यानंतर एक दिवस सोडून. उरलेले तिथे गेल्यावर. कोणता कोर्स आपल्या हाताला बसतो, कोणता दिवस रिकामा असतो, कोणत्या एजंटकडे दर बरा मिळतो, हे पहिल्या आठवड्यात कळतं.

आणि पहिल्याच राउंडला कॅडीच्या गणवेशावरचा नंबर टिपून घ्या. माझी हुआ हिनची कॅडी पन्नाशीची होती, डोक्याला रुंद टोपी, चेहरा डोळ्यांपर्यंत कापडात गुंडाळलेला. इंग्रजी शब्द येत होते वीसेक. तिसऱ्या ग्रीनवर मी डावीकडे वळणारा पट आखत होतो. ती काही बोलली नाही. वाकून चेंडू उचलला, पुसला आणि त्यावरची रेघ उजवीकडे वळवून परत ठेवला. मी माझंच खरं केलं, चेंडू दोन हात बाहेर गेला. चौथ्या ग्रीनवर रेघ तिची, पट माझा, आणि चेंडू आत. पुढच्या बुकिंगला फोनवर तिचा नंबर सांगितला आणि तीच मिळाली. महिनाभरात अकरा राउंड तिच्याबरोबर झाले. बऱ्याच क्लबांत कॅडी अशी नंबर सांगून मागता येते, त्यासाठी थोडे जादा पैसे घेतात.

टिप शेवटच्या होलनंतर थेट तिच्या हातात द्यायची, सुट्ट्या नोटा आदल्या रात्रीच बॅगेच्या कप्प्यात ठेवून.